नवा कोयता पारखून घ्या



हंगाम तोंडावर आला की आम्ही ऊस विकास विभागाची माणसे दरवर्षी एकच पालुपद लावतो : ऊस जमिनीलगत तोडा, बुडखे ठेवू नका. गट ऑफिसच्या फळ्यावर लिहितो, मुकादमांच्या बैठकीत बजावतो, शिवारफेरीत सांगतो. तरी जानेवारीत फडात जावे तर दोन-दोन, तीन-तीन इंचांचे बुडखे उभेच. मग आम्ही टोळीवर चिडायचो. टोळीवाले मान हलवायचे, आणि आमची मोटारसायकल वळली की मागे पुन्हा तेच. पुष्कळ वर्षे आमचा असा समज होता की हा निव्वळ हयगयीचा प्रकार आहे. तो समज चुकीचा होता. माजलगावच्या अलीकडच्या एका फडात एका ऊसतोड बाईने तो दूर केला.

ती म्हणाली, "साहेब, वाकायला आमची ना नाही. पण कोयता मातीला लागला की धार बसती. धार बसली की सांजपर्यंत हाताचा नुसता पिट्टा पडतो. तुम्ही ऊस बघता, बुडखा बघता, कोयता कवा बघता का?"

आम्ही कोयता हातात घेतला. चारच दिवसांपूर्वी बाजारातून आणलेला, आरशासारखा चकचकीत. पण धारेवरून आडवे बोट फिरवले तर जागोजाग धार एका बाजूला वळलेली, पत्र्याच्या डब्याची कड वळावी तशी. खिशातली कानस सहज फिरवली तर ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. तो कोयता नव्हताच. साध्या पट्टीला कोयत्याचा आकार देऊन पॉलिश मारलेले ते लोखंड होते. असला कोयता हाती असलेला माणूस जमिनीपासून दोन इंच वरच घाव घालणार. कारण धार वाचवली तरच त्याची मजुरी वाचते. त्याला दाम टनावर मिळतो. बुडखा राहिला तर त्याचेही वजन बुडते हे त्याला आपल्याइतकेच कळते. पण दर अर्ध्या तासाला धार लावत बसण्यात त्याचे त्याहून जास्त बुडते.

आता यात सभासदाचे किती जाते ते पाहू. एकरी 40 हजार गाळपायोग्य ऊस आणि 40 टन उत्पादन धरा. म्हणजे एक ऊस एक किलोचा. तोडलेल्या उसाची लांबी अडीच मीटर धरली तर दोन इंचांना 20 ग्रॅम येतात. परंतु बुंधा शेंड्यापेक्षा जाड आणि भरीव असतो, म्हणून 25 ग्रॅम धरायला हरकत नाही. 40 हजारांना 25 ग्रॅमने गुणले की झाला एक टन. सन 2024-25 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्यास टनाला 3400 रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला होता. आपल्या उताऱ्याप्रमाणे आणि तोडणी-वाहतूक वजा जाता हातात येणारा आकडा कमी भरेल, पण एकरी टनभर ऊस रानात सोडून येणे कोणत्याच हिशेबात बसत नाही. शिवाय पक्व उसात सर्वांत जास्त साखर बुडख्याकडच्या कांड्यांत असते. तीच आपण मागे ठेवतो आणि बिनसाखरेचे वाढे मोळीत राहिले म्हणून भांडतो.

खोडव्याचे नुकसान याहून मोठे, फक्त ते वजनकाट्यावर दिसत नाही. उंच बुडख्याच्या वरच्या डोळ्यांतून जे फुटवे निघतात त्यांच्या मुळ्यांना जमीन लवकर सापडत नाही. ते वरच्यावर पोसतात, वाऱ्याने हलतात, पुष्कळसे मरतात. जमिनीखालच्या डोळ्यांतून आलेला फुटवा मात्र स्वतःच्या मुळ्यांवर उभा राहतो. बोथट कोयत्याने आणखी एक होते. ऊस कापला न जाता मोडतो, बुडखा उभा चिरतो, आणि त्या चिरेतून बुरशी व किडे आत जातात. हार्वेस्टर आले म्हणून यातून सुटका नाही. यंत्राची पाती बोथट असतील तर बुडखे तसेच फाटतात आणि मागाहून माणूस लावून कोयत्यानेच छाटावे लागतात. म्हणजे टोळीचा कोयता टोळीचा असला तरी छाटणीचा, बेण्याचा, वैरणीचा कोयता आपल्या घरचाच असतो. तो विकत घेताना आपण काय पाहतो? चकाकी आणि किंमत.

चांगला कोयता कशाचा होतो, ते अगोदर सांगतो. आपल्या भागात घिसाडी, म्हणजे गाडी लोहार, रस्त्याकडेला भाता लावून बसतात. नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि बायको घण घालते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. जाणता लोहार ट्रकच्या कमानीचा मोडका पाटा वापरतो. बाजारच्या साध्या पट्टीत कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. पाट्यात तो अर्धा टक्का किंवा थोडा अधिक असतो. हा एवढासा फरक, पण त्यावरच सगळे आहे. कार्बन असेल तरच लोखंड लाल करून पाण्यात विझवल्यावर कडक होते. आपण त्याला पाणी देणे म्हणतो. साध्या पट्टीला विहिरीभर पाणी दिले तरी ती मऊच राहणार.

पण नुसते कडक करूनही भागत नाही. पूर्ण कडक पाते काचेसारखे होते, खड्याला लागले की टवका उडतो. म्हणून लोहार ते पुन्हा हलकेसे तापवतो. उजळ केलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढत जातात : आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते पण टवके उडण्याची भीती. निळ्याच्या पुढे गेले तर पाते पुन्हा मऊ. कोयत्यासारख्या घाव घालायच्या हत्याराला तपकिरी ते जांभळा हा मधला टप्पा मानवतो. हा सगळा खेळ डोळ्यांचा आहे, म्हणूनच अनुभवी लोहार भट्टी सावलीत लावतो. उन्हात तापाचा रंग कळत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या गटातील एका सभासदाचा मुलगा फौजेत आहे. गेल्या दिवाळीला सुटीवर येताना त्याने नेपाळी बनावटीची हातघडाईची कुकरी आणली आणि "साहेब, ही असली आहे का शोभेची?" म्हणून गट ऑफिसात घेऊन आला. आम्ही तिच्याशेजारी आपला कोयता ठेवला. पाहताना मौज वाटली. कुकरीचे पाते पुढे झुकलेले, पोटाशी रुंद, पाठ चांगली जाड. मुठीजवळ धारेला एक छोटी खाच. म्यानात आणखी दोन लहान सुऱ्या, एक कामाची आणि एक बोथट, धार सरळ करायला. पूर्व नेपाळात भोजपूर हा जिल्हा या कामासाठी नावाजलेला आहे, आणि तिकडचे कामी लोकही ट्रकच्या पाट्यापासूनच कुकरी घडवतात! फरक पाणी द्यायच्या रीतीत. ते लालभडक पाते धरून किटलीतून फक्त धारेवर पाण्याची बारीक धार सोडतात. आपला लोहार कुंडीत फक्त धारेकडची बाजू बुडवतो. हिशेब एकच : धार कडक, पाठ चिवट.

आम्ही तिच्या धारेवर कानस फिरवली. पोटाच्या मधल्या भागावर कानस घसरत गेली, नाकाकडे आणि मुठीकडे मात्र थोडी चावली. मुलाला वाटले, माल खोटा निघाला. आम्ही म्हटले, उलट आहे. घाव मधल्या पोटावर पडतो म्हणून पाणी तेथे दिलेले आहे, टोके मुद्दाम कमी कडक असतात म्हणजे मोडत नाहीत. कुकरी अस्सल होती. (ती घेऊन ऊस तोडायला मात्र कोणी जाऊ नये. लाकूड फोडायला ती चांगली, जमिनीलगतच्या घावाला तिचा बाक अडचणीचा.) त्या दिवशी कुकरीला ज्या ज्या परीक्षा लावल्या, त्याच कोयत्याला लावाव्या हे तेव्हाच मनात आले.

तर नवा कोयता हातात घेतल्यावर पहिल्यांदा चकाकी विसरा. पाते डोळ्यासमोर धरून मुठीकडून नाकाकडे पाहा, बंदुकीचा नेम धरतात तसे. धार सरळ रेषेत दिसली पाहिजे. पाते पिळलेले असेल तर घाव दरवेळी एका अंगाला जाईल आणि मनगट दुखेल. मग पाते आडवे करून उजेडात धारेकडे पाहा. चांगली धार दिसतच नाही. जेथे पांढरी रेघ चमकते तेथे धार नाही, किंवा वळलेली आहे. धारेला काटकोनात केसासारखी बारीक रेघ दिसली तर कोयता खाली ठेवा आणि दुसरा घ्या. पाट्याचे लोखंड फार गार पाण्यात एकदम विझवले की अशी चीर पडते. आज ती केसाएवढी असेल, पण फडात तिचाच तुकडा उडतो. धारेकडे निळसर पट्टा दिसत असेल तर तो विजेच्या फिरत्या दगडावर जास्त घासलेला आहे. घासताना तापून पाणी उतरले, धार मऊ झाली. दुकानदार सांगतो, "मशीनची धार आहे." तोच दोष असतो.

नंतर आवाज. मूठ सैल हातात धरून पाठीवर दुसऱ्या लोखंडाने टिचकी मारा. स्वच्छ, लांबत जाणारा नाद आला पाहिजे, फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज नको. बद्द आवाज म्हणजे पात्यात चीर तरी आहे किंवा मुठीत शेपटी सैल तरी आहे.

कानशीची परीक्षा आमच्या मते सर्वांत भरवशाची. बारीक दात्यांची जुनी कानस घ्या. धारेवर हलक्या हाताने एकदा फिरवा. कानस काचेवरून घसरावी तशी पूर्ण घसरली तर पाते फार कडक आहे. ते टवके सोडेल, आणि फडात कानशीने धारही लावता येणार नाही. कानस सहज आत घुसून चुरा पडू लागला तर पाणी नाही. हाताला अडल्यासारखे वाटावे, जोर केल्यावर मात्र कानशीने धरावे, असे पाते हवे. ज्याच्याकडे जुना, वर्षानुवर्षे कामाला आलेला कोयता आहे त्याने आधी त्यावर कानस फिरवून पाहावी आणि मग नव्यावर. हाताला फरक ताबडतोब कळतो, पुस्तक लागत नाही.

दुसरी परीक्षा थोड्या सवयीची आहे. खिळ्याच्या जाडीची गुळगुळीत पितळी सळई आडवी ठेवावी, तिच्यावर धार तिरकी टेकवून जरा दाबावे. उजेडात पाहिले तर धार किंचित लवते. दाब सोडल्यावर ती पुन्हा सरळ झाली तर पाणी बरोबर. लवलेलीच राहिली तर मऊ, आणि बारीक कपरी निघाली तर ठिसूळ. लोहार ओळखीचा असेल तर त्याला फिरत्या दगडावर पाठीचा कोपरा क्षणभर टेकवायला सांगा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फाटे फुटणाऱ्या असतात, पाट्याच्या ठिणग्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. हे पाहायला संध्याकाळची वेळ बरी.

आता मुठीविषयी, आणि येथे जरा थांबून वाचावे ही विनंती. मुठीची परीक्षा बहुतेक कोणी करीत नाही. आम्हीही करीत नव्हतो. काही वर्षांपूर्वी आमच्या देखत एका फडात कोयत्याचे पाते मुठीतून सुटले आणि तीन-चार हातांवर मोळी बांधत बसलेल्या बाईच्या पोटरीत शिरले. जखमेला बारा टाके पडले. आपल्याकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको अंथरुणाला खिळली की तो अर्धा कोयता होतो आणि घेतलेली उचल मात्र पुरीच फेडायची असते. ते कुटुंब त्या हंगामात निम्म्या मजुरीवर राहिले. सुटलेले पाते आम्ही नंतर पाहिले. मुठीत जाणारी शेपटी अवघी दीड इंच लांब होती आणि भोकात डांबरासारखे काहीतरी भरून बसविलेली. बाहेरून मूठ रंगवलेली, सुरेख. दिवसभर उन्हात डांबर मऊ झाले आणि घावासरशी पाते निघाले.

म्हणून विकत घेताना विचारा, शेपटी मुठीत किती गेली आहे. उत्तम म्हणजे ती मुठीच्या पार जाऊन मागे ठोकून वळवलेली असावी, नाही तर आरपार खिळ्याने पक्की केलेली असावी. मुठीच्या तोंडाला लोखंडी कडी असावी, नाही तर लाकूड चिरते. लाकूड वाळलेले असावे. ओल्या बाभळीची मूठ आज घट्ट वाटते, महिन्याने आक्रसून खुळखुळू लागते. पाते एका हाताने धरून मूठ पिळून पाहा. केसभरही हलली तर परत द्या. मूठ कोणाच्या हातासाठी आहे हेही पाहावे. बायकांच्या हाताला जाड मूठ आवळून धरावी लागते आणि दुपारनंतर पकड सुटते. घरात बेणे तोडायचे काम बहुधा त्यांच्याकडेच असते, तेव्हा कोयता घ्यायला त्यांनाच बरोबर न्यावे हे सर्वांत सोपे.

शेवटची परीक्षा उसावरच. घरच्या रानात बांधाकडेचा एखादा ऊस घ्यावा आणि जमिनीलगत एकच घाव घालावा. बुडख्याचे तोंड आरशासारखे गुळगुळीत आले, साल लोंबली नाही, उभी चीर गेली नाही, तर कोयता पास. दहा-वीस ऊस तोडून पुन्हा उजेडात धार पाहावी. नव्या कोयत्याची धार पहिल्या दिवशी थोडी बसतेच, त्यावरून घाई करून निकाल देऊ नये. लोहार बरेचदा धार जरा जाड ठेवतो. ती निसण्यावर पाणी टाकून बसत-बसत आपल्या हाताने पातळ करावी. फिरत्या दगडावर नेऊ नये, त्याचे कारण वर आलेच आहे.

बेणे तोडायचा कोयता शक्यतो निराळा ठेवावा. बोथट कोयत्याने टिपरी चिरते. कापलेल्या तोंडातून बुरशी शिरली की ती आतून कुजते आणि पिकलेल्या अननसासारखा वास सुटतो, म्हणून त्या रोगालाच अननस रोग म्हणतात. दुसरी गोष्ट याहून लपलेली. खोडवा खुजा राहण्याचा एक जिवाणूजन्य रोग आहे. बाहेरून उसावर काही खूण दिसत नाही, नुसती वाढ खुंटते आणि आपण खताला दोष देतो. तो रोगट उसाच्या रसातून कोयत्यावर येतो आणि कोयत्यावरून पुढच्या टिपऱ्यांत जातो. तेव्हा एका प्लॉटचे बेणे संपवून दुसऱ्याला हात घालण्यापूर्वी पाते स्वच्छ धुऊन स्पिरिटने पुसावे किंवा काही मिनिटे उकळत्या पाण्यात धरावे. कोणी कोयता चुलीत घालून शेकतात. जंतू मरतात हे खरे, पण पाणीही उतरते आणि लोहाराची मेहनत फुकट जाते. उकळत्या पाण्याने पाणी उतरत नाही, तेवढी उष्णता त्यात नसते.

काम झाल्यावर उसाचा रस पात्यावर वाळू देऊ नये. तो आंबतो आणि सकाळी गंज धरलेला असतो. धुऊन, पुसून, तेलाचे बोट फिरवून वळचणीला लावावा, आणि मुलांचा हात पोचणार नाही इतका उंच.

एक सूचना टोळीवाल्या सभासदांसाठी. आपल्या फडात येणाऱ्या टोळीचे कोयते पहिल्या दिवशी पाहून घ्यावेत, पण हुकूम सोडल्यासारखे नव्हे. ते त्यांच्या पैशाचे हत्यार आहे. एखाद्याचा कोयता मऊ निघाला तर चांगल्या लोहाराचा पत्ता द्यावा, जमल्यास धार काढायचे पैसे आपण द्यावेत. एकरी टनाच्या हिशेबापुढे तो खर्च किरकोळ आहे. आणि पाणी देऊन, पाचट बाजूला ओढून रान मोकळे ठेवले तर दगडगोट्यांवर घाव पडायचे प्रमाणही कमी होते. मात्र तोडणीच्या तोंडावर पाणी देऊ नये, चिखलात गाडी रुतते ती वेगळी कटकट.

आपल्या सर्व गट ऑफिसांत या महिन्यापासून एक बारीक कानस, एक पितळी सळई आणि एक जुना, चांगला कोयता नमुन्यादाखल ठेवला आहे. ऑफिस सकाळी उघडल्यापासून कोणीही नवा कोयता आणून शेजारी ठेवून पाहावा. चिटबॉयला दाखवायला सांगितले आहे. कानस मात्र जागेवर परत ठेवावी, गेल्या आठवड्यात एक गेली ती अजून आलेली नाही.